विश्लेषण : मोहन बागान-ईस्ट बंगाल अंतिम सामन्याने कोलकाता का दुभंगते? एका पेनल्टीवर ठरलेल्या शिल्डमागची शंभर वर्षांची कहाणी

दिवाळीच्या तोंडावर, शनिवारी १८ ऑक्टोबरला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये आयएफए शिल्डचा अंतिम सामना झाला. समोरासमोर होते मोहन बागान आणि ईस्ट बंगाल. १२० मिनिटांनंतरही १-१ अशी बरोबरी राहिली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये मोहन बागानने ५-४ अशी बाजी मारली. मोहन बागानचे हे २१वे शिल्ड. मात्र त्यासाठी २००३ नंतर तब्बल २२ वर्षे वाट पाहावी लागली. या स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे २९ विजेतेपदे आजही ईस्ट बंगालच्याच नावावर आहेत. एका राज्याच्या फुटबॉल संघटनेची, अवघ्या सहा संघांची ही स्पर्धा. तरीही तिच्या अंतिम सामन्याची देशभर चर्चा का झाली? या वैराची मुळे कुठे आहेत? आणि अंतिम सामना आला की ते अधिक धारदार का होते?

सामन्यात नेमके काय घडले?

पहिल्या सत्रात मोहन बागानला पेनल्टी मिळाली. जेसन कमिंग्सने ती वाया घालवली. त्यानंतर काही मिनिटांतच ईस्ट बंगालच्या हमीद अहदादने गोल करून संघाला आघाडी मिळवून दिली. मात्र मध्यंतर होण्याच्या बेतात असताना आपुइयाने मोहन बागानला बरोबरी साधून दिली. दुसरे सत्र आणि अतिरिक्त वेळेची ३० मिनिटे एकही गोल न होता संपली.

शूटआउटच्या तोंडावर ईस्ट बंगालचे प्रशिक्षक ऑस्कर ब्रुझॉन यांनी गोलरक्षक बदलला. प्रभसुखन गिलला बाहेर बोलावून त्यांनी देबजित मजुमदारला मैदानात पाठवले. देबजित हा एके काळी मोहन बागानचाच गोलरक्षक. हा डाव साधला नाही. मोहन बागानच्या पाचही खेळाडूंनी अचूक फटके मारले. ईस्ट बंगालच्या पाचपैकी एकच फटका अडला. तो जय गुप्ताचा होता, अडवणारा होता मोहन बागानचा गोलरक्षक विशाल कैथ. निर्णायक पाचवा फटका मेहताब सिंगने जाळ्यात मारला आणि स्टेडियमचा अर्धा भाग नाचू लागला.

महाराष्ट्रातील फुटबॉलप्रेमींसाठी या दोन नावांना वेगळा अर्थ आहे. जय गुप्ता पुण्याचा. पुण्यात फुटबॉल शिकून तो पोर्तुगालला गेला, तिथून एफसी गोवा आणि यंदा ईस्ट बंगाल असा त्याचा प्रवास झाला. मेहताब सिंग हा कालपरवापर्यंत मुंबई सिटीचा बचावपटू. गंमत म्हणजे त्याने कारकिर्दीच्या सुरुवातीची वर्षे ईस्ट बंगालमध्येच काढली आहेत. म्हणजे ईस्ट बंगालच्या जुन्या खेळाडूने ईस्ट बंगालला हरवले, तर मोहन बागानच्या जुन्या गोलरक्षकाला मोहन बागानला रोखता आले नाही. या दोन क्लबांच्या इतिहासात असे पहिल्यांदाच घडलेले नाही. त्याकडे पुढे येऊच.

आयएफए शिल्डला इतके महत्त्व का?

‘आयएफए’ म्हणजे इंडियन फुटबॉल असोसिएशन. नावात ‘इंडियन’ असले तरी ही बंगालची संघटना आहे. १८९३ मध्ये तिने शिल्ड सुरू केली, तेव्हा देशात फुटबॉल चालवणारी दुसरी मोठी यंत्रणा नव्हती. सुरुवातीची जवळपास दोन दशके ही ढाल ब्रिटिश लष्करी पलटणींचे आणि युरोपीय क्लबांचे संघच जिंकत.

२९ जुलै १९११ रोजी हे चित्र बदलले. अंतिम सामन्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवले. शिबदास भादुरी आणि अभिलाष घोष यांनी गोल केले. ११ जणांपैकी फक्त सुधीर चॅटर्जी यांच्या पायांत बूट होते, बाकीचे अनवाणी खेळले. बंगालच्या फाळणीने सहा वर्षांपूर्वी पेटलेला असंतोष अजून धुमसत होता. त्यामुळे ‘साहेबाला त्याच्याच खेळात हरवता येते’ हा संदेश मैदानाबाहेरही पोहोचला. मोहन बागान आजही २९ जुलै हा ‘मोहन बागान दिन’ म्हणून पाळतो.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या ११ जणांतील अनेकांची मुळे पूर्व बंगालात होती. ज्या मुलखाच्या नावाने पुढे प्रतिस्पर्धी क्लब उभा राहिला, तिथल्याच घरांतील मुलांनी मोहन बागानला ‘राष्ट्रीय’ क्लब केले होते.

मधल्या काळात शिल्डची रया गेली. काही वर्षे ती १९ वर्षांखालील मुलांची स्पर्धा म्हणून झाली, काही वर्षे झालीच नाही. यंदा ती १२५वी स्पर्धा म्हणून पुन्हा सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी अंतिम फेरीत हे दोन संघ आले.

वैराची सुरुवात कुठून झाली?

मोहन बागानची स्थापना १५ ऑगस्ट १८८९ ची, ईस्ट बंगालची १ ऑगस्ट १९२० ची. ईस्ट बंगालच्या जन्माला निमित्त ठरला तोही एक सामनाच. २८ जुलै १९२० रोजी जोडाबागान क्लब मोहन बागानविरुद्ध खेळणार होता. जोडाबागानने शैलेश बोस या पूर्व बंगालच्या खेळाडूला संघातून वगळले. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरी यांनी कारण विचारले. समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तेव्हा ते क्लबमधून बाहेर पडले आणि चारच दिवसांत नवा क्लब उभा राहिला. नाव ठेवले ईस्ट बंगाल.

लीगमध्ये दोघांची पहिली गाठ पडली २८ मे १९२५ रोजी. नेपाल चक्रवर्तीच्या गोलने ईस्ट बंगालने तो सामना १-० असा जिंकला. त्या गणिताने या लढतीने यंदा शंभरी ओलांडली आहे.

कोलकात्यात मूळच्या पश्चिम बंगाली माणसाला ‘घोटी’ म्हणतात, पूर्वेकडून आलेल्याला ‘बांगाल’. बोलण्याची ढब वेगळी, स्वयंपाकातला गोडवा-तिखटपणा वेगळा. चेष्टामस्करी दोन्हीकडून चाले. पण १९४७ पर्यंत ही चेष्टा एकाच प्रांतातल्या दोन भागांची होती. पूर्वेकडचा माणूस सुट्टीत आगगाडीने गावी जाऊ शकत होता.

फाळणीने नेमके काय बदलले?

१९४७ मध्ये पूर्व बंगाल हा पाकिस्तानचा भाग झाला. लाखो कुटुंबे घरदार सोडून आली. सियालदा स्थानकाच्या फलाटांवर त्यांनी महिने काढले. दक्षिण कोलकात्यात जादवपूर, बिजॉयगढ अशा भागांत मोकळ्या जागा धरून त्यांनी वसाहती उभारल्या. १९७१ च्या बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी आणखी लोंढे आले.

या माणसांकडे सांगायला गाव होते, पण तिथे परतण्याची सोय नव्हती. नव्या शहरात ‘तुम्ही कुठले?’ या प्रश्नाचे उत्तर देताना आवाज खाली जात असे. अशा वेळी कोलकात्याच्या मैदानावर एक क्लब त्यांच्या हरवलेल्या मुलखाचे नाव छातीवर मिरवत होता आणि जिंकतही होता. नकाशावरून पुसले गेलेले नाव दर आठवड्याला वर्तमानपत्रात छापून येत होते. ईस्ट बंगालचा समर्थक क्लबकडे केवळ संघ म्हणून पाहत नाही, त्याचे कारण इथे आहे.

मोहन बागानच्या समर्थकाची बाजूही समजून घ्यायला हवी. त्याच्या दृष्टीने हा क्लब म्हणजे १९११ चा वारसा, शहराचा जुना मान. नव्याने आलेल्यांनी तो मान मैदानात हिसकावून घ्यावा, हे त्याला सहन होण्यासारखे नव्हते. एकाला आपण इथलेच आहोत हे सिद्ध करायचे होते, दुसऱ्याला आपण आधीपासून इथले आहोत हे विसरू द्यायचे नव्हते. सामना फुटबॉलचा असला तरी वाद हा होता.

बाजारातही त्याचे पडसाद उमटतात. ईस्ट बंगाल जिंकले की हिलसा, मोहन बागान जिंकले की मोठी कोळंबी. विजयाच्या दिवशी त्या-त्या माशाची मागणी वाढते आणि भावही चढतो, हे कोलकात्यात कोणीही सांगेल.

कोल्हापूरकरांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. छत्रपती शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ किंवा प्रॅक्टिस क्लब यांच्यापैकी दोघे अंतिम फेरीत आले की पेठापेठांत काय वातावरण असते, हे त्यांनी पाहिले आहे. तिथेही संघामागे तालीम असते, तालमीमागे पेठ आणि पेठेमागे पिढ्या. फरक इतकाच की कोलकात्यात पेठेच्या जागी एक अख्खा तुटलेला प्रांत आहे.

अंतिम सामना लीगच्या सामन्यापेक्षा वेगळा कसा?

लीगमध्ये हरले तर तीन गुण जातात. पुढच्या सामन्यात ते भरून काढता येतात, परतीच्या लढतीत हिशेबही चुकता करता येतो. हरूनही लीग जिंकता येते. अंतिम सामन्यात ही सोय नाही. चषक एकच असतो आणि तो समोरच्याच्या हाती जाताना पाहावे लागते. तिऱ्हाईत संघाकडून हरणे वेगळे, आणि उद्या सकाळी चहाच्या टपरीवर ज्याच्या शेजारी उभे राहायचे आहे त्याच्या संघाकडून हरणे वेगळे.

पूर्वी मात्र यातूनही एक वाट होती, ती म्हणजे संयुक्त विजेतेपद. सामना बरोबरीत सुटला आणि फेरसामन्याने किंवा वाढीव वेळेनेही निकाल लागला नाही, तर चषक वाटून दिला जात असे. १९६० आणि १९८२ चा ड्युरँड चषक, मुंबईत होणारा रोव्हर्स चषक १९७२ मध्ये, आयएफए शिल्ड १९७६ मध्ये, फेडरेशन चषक १९७८ आणि १९८० मध्ये, असे अनेक चषक या दोन क्लबांनी वाटून घेतले आहेत. दोन्ही बाजूंचे लोक मान ताठ ठेवून घरी जात. पोलिसांनाही तो निकाल सोयीचाच असणार.

१९७० मध्ये फुटबॉलच्या नियमांत पेनल्टी शूटआउट आले आणि हळूहळू जगभर रूढ झाले. आता बरोबरीला जागा उरलेली नाही, कोणीतरी हरावेच लागते.

पेनल्टीवर लागलेला निकाल किती ‘खरा’?

पेनल्टीचे ठिकाण गोलरेषेपासून सुमारे ११ मीटरवर असते. ताशी १०० किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू हे अंतर साधारण ०.४ सेकंदात कापतो. चेंडूची दिशा पाहून, ठरवून, मग झेपावायचे म्हटले तर तेवढ्यात ते बहुतेक वेळा जमत नाही. त्यामुळे गोलरक्षकाला खेळाडूची धाव, खांदा, टेकवलेला पाय यांवरून अंदाज बांधून जवळपास आधीच दिशा निवडावी लागते. यात अभ्यास असतो, धैर्य असते आणि नशिबाचाही मोठा वाटा असतो.

शनिवारी मोहन बागानचीही सामन्यातली एक पेनल्टी हुकलीच होती. शूटआउटमध्ये दहापैकी नऊ फटके गोल झाले. १२० मिनिटांत दोन्ही संघांना वेगळे करता आले नाही, ते एका फटक्याने केले. त्यामुळे ‘मोहन बागान सरस’ असा अर्थ या निकालातून काढता येणार नाही. शूटआउट विजेता ठरवते, श्रेष्ठत्व नव्हे. पण शंभर वर्षांचा मान त्या एका फटक्यावर लादला जातो आणि फटका मारणारा असतो जेमतेम चोविशीतला, पुण्यातून आलेला, घोटी-बांगाल वादाशी काडीचा संबंध नसलेला एक तरुण.

याआधीच्या कोणत्या अंतिम लढती लक्षात राहिल्या?

सर्वांत गाजलेली लढत याच शिल्डची. ३० सप्टेंबर १९७५ रोजी ईस्ट बंगालने मोहन बागानचा ५-० असा धुव्वा उडवला. श्याम थापाने दोन, सुरजित सेनगुप्ता, रणजित मुखर्जी आणि शुभंकर सन्याल यांनी प्रत्येकी एक गोल केला. लीगमध्ये ईस्ट बंगालने १९७० ते १९७५ अशी सलग सहा विजेतेपदे मिळवली होती. प्रशिक्षक होते पी. के. बॅनर्जी. मोहन बागानच्या काही खेळाडूंनी चाहत्यांच्या रोषापासून वाचण्यासाठी ती रात्र गंगेतल्या नावेवर काढली, अशी आठवण सांगितली जाते.

त्या पराभवानंतर मोहन बागानच्या एका तरुण चाहत्याने आयुष्य संपवले. पुढच्या जन्मी मोहन बागानचा खेळाडू होऊन या पराभवाचा बदला घेईन, अशा आशयाची चिठ्ठी त्याने मागे ठेवली होती. ही कथा आजही काही जण निष्ठेचे उदाहरण म्हणून सांगतात. तसे ती सांगू नये. एका घरातला मुलगा गेला, आणि तो ज्या पराभवासाठी गेला त्याची परतफेड दोनच वर्षांत झाली.

१९७७ च्या शिल्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानने ईस्ट बंगालला १-० असे हरवले. गोल कोणी केला? श्याम थापाने. प्रशिक्षक कोण होते? पी. के. बॅनर्जी. १९७५ मध्ये ईस्ट बंगालला जिंकून देणारे दोघेही तोवर मोहन बागानमध्ये आले होते. ज्यांच्यासाठी गॅलरीत माणसे जिवावर उदार होत, ते खेळाडू आणि प्रशिक्षक हंगाम बदलला की क्लब बदलत. देबजित आणि मेहताब यांची गोष्टही तीच.

अलीकडची मोठी अंतिम लढत ड्युरँड चषकाची. ३ सप्टेंबर २०२३ रोजी याच स्टेडियमवर अनिरुद्ध थापाला लाल कार्ड मिळाल्याने मोहन बागान दहा जणांवर आले. तरीही दिमित्री पेत्रातोसच्या गोलने त्यांनी सामना १-० असा जिंकला. मोहन बागानचा तो १७वा ड्युरँड चषक ठरला आणि १६ विजेतेपदांवर असलेले ईस्ट बंगाल मागे पडले.

गर्दीच्या विक्रमाचा सामना मात्र अंतिम नव्हता. १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन चषकाच्या उपांत्य लढतीला सॉल्ट लेक स्टेडियममध्ये १ लाख ३१ हजार ७८१ प्रेक्षक होते. बायचुंग भुतियाच्या हॅट्ट्रिकच्या जोरावर ईस्ट बंगालने तो ४-१ असा जिंकला. आता आसनव्यवस्था बदलल्याने या स्टेडियमची क्षमता जवळपास निम्मी झाली आहे.

या वैराची किंमत कोणी मोजली?

१६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर दोघांचा लीगचा सामना होता. दोन्ही क्लबांचे समर्थक एकाच स्टँडमध्ये बसले होते. मैदानावर मोहन बागानचा बिदेश बोस आणि ईस्ट बंगालचा दिलीप पालित यांच्यात धसमुसळेपणा झाला, त्याचे पडसाद गॅलरीत उमटले. हाणामारी, दगडफेक आणि चेंगराचेंगरी यांत १६ जणांचा मृत्यू झाला. मृतांमध्ये दोन्ही बाजूंचे लोक होते.

त्यांच्या स्मरणार्थ कोलकात्यात दर वर्षी १६ ऑगस्टला ‘फुटबॉलप्रेमी दिन’ पाळला जातो आणि रक्तदान शिबिर भरवले जाते. आज डर्बीला समर्थकांची प्रवेशद्वारे, बसण्याचे विभाग आणि बाहेर पडण्याचे मार्ग वेगळे ठेवले जातात. मोबाइलवर सामना पाहणाऱ्याला ती बॅरिकेड्स अतिरेकी वाटू शकतात. पण त्यामागे त्या १६ जणांचा हिशेब आहे.

दोन्ही समर्थक कधी एकत्र आले आहेत का?

आले आहेत, आणि तेही २०२४ मध्ये. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात एका महिला डॉक्टरवर बलात्कार करून तिची हत्या करण्यात आली. शहर रस्त्यावर उतरले. १८ ऑगस्टला ड्युरँड चषकात मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना होता. बंदोबस्ताचे कारण देऊन तो रद्द करण्यात आला. गॅलरीतून निषेधाच्या घोषणा होतील म्हणूनच सामना रद्द केला, असा समर्थकांचा आरोप होता.

सामना रद्द झाला तरी लोक आले. त्या संध्याकाळी सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर लाल-सोनेरी आणि हिरव्या-मरून जर्सी एकाच घोळक्यात होत्या. शहरातील तिसरा मोठा क्लब मोहमेडन स्पोर्टिंगचे समर्थकही त्यांच्यात होते. मोहन बागानचा कर्णधार सुभाशिष बोस पत्नीसह तिथे पोहोचला. पोलिसांनी लाठीमार केला, अनेकांना ताब्यात घेतले. एका जर्सीतल्या माणसाच्या खांद्यावर दुसऱ्या जर्सीतला माणूस बसून घोषणा देत असल्याची छायाचित्रे देशभर फिरली. ज्यांना वेगळे ठेवण्यासाठी एरवी बॅरिकेड्स लावली जातात, ते त्या दिवशी बॅरिकेडच्या एकाच बाजूला होते.

मग यंदाच्या अंतिम सामन्यात पणाला काय होते?

दोन्ही क्लब वेगवेगळ्या अडचणीतून या सामन्यात उतरले होते. मोहन बागानने गेल्या हंगामात इंडियन सुपर लीगमध्ये गुणतालिकेतील अव्वल स्थानाची ढाल आणि चषक असे दोन्ही जिंकले. पण सप्टेंबरअखेरीस एएफसी चॅम्पियन्स लीग टूच्या सामन्यासाठी संघ इराणला गेला नाही आणि आशियाई महासंघाने त्यांना स्पर्धेतून माघार घेतल्याचे ठरवले. यामुळे त्यांचे स्वतःचेच समर्थक संतापले होते. शिल्ड जिंकून तो राग थोडा शमवणे ही क्लबची गरज होती.

ईस्ट बंगालची गोष्ट अधिक लांबलेली आहे. २०२० मध्ये ते सुपर लीगमध्ये आले, पण गुंतवणूकदार बदलत राहिले आणि संघ तळाशी राहिला. जानेवारी २०२४ मध्ये भुवनेश्वरला सुपर कप जिंकला, तेव्हा १२ वर्षांत पहिल्यांदा राष्ट्रीय पातळीवरचे विजेतेपद हाती आले. यंदा ऑगस्टमध्ये ड्युरँडच्या उपांत्यपूर्व फेरीत त्यांनी मोहन बागानला २-१ असे हरवले होते. त्यामुळे शनिवारचा पराभव जास्त लागला आहे.

या दोघांच्याही डोक्यावर एक समान प्रश्न टांगलेला होता. भारतीय फुटबॉल महासंघाचा व्यावसायिक भागीदाराशी असलेला १५ वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता. पुढचे काही ठरत नसल्याने सुपर लीगचा २०२५-२६ चा हंगाम जुलैतच स्थगित झाला. एरवी सप्टेंबरपासून सुरू होणारी लीग ऑक्टोबर सरत आला तरी सुरू झाली नव्हती. खेळाडूंना सामने नव्हते, क्लबांना उत्पन्न नव्हते. राष्ट्रीय लीगच अधांतरी असताना एका राज्य संघटनेच्या शिल्डला हे दोन क्लब पूर्ण ताकदीने उतरले, त्यामागे हेही कारण आहे.

पैशाचा दबाव या क्लबांच्या ओळखीपर्यंत पोहोचलेला आहे. २०२० मध्ये मोहन बागानच्या नावापुढे ‘एटीके’ जोडले गेले. ‘रिमूव्ह एटीके’ म्हणत समर्थकांनी तीन वर्षे आंदोलन केले आणि २०२३ मध्ये नाव ‘मोहन बागान सुपर जायंट’ झाले. क्लब ज्याच्या पैशावर चालतो त्याचा, की ज्यांच्या आठवणींवर चालतो त्यांचा, हा प्रश्न दोन्ही गॅलऱ्यांत सारखाच विचारला जातो.

पुढे काय?

परतफेडीसाठी ईस्ट बंगालला फार थांबावे लागणार नव्हते. २५ ऑक्टोबरपासून गोव्यात सुरू होणाऱ्या सुपर कपमध्ये हे दोन्ही संघ एकाच गटात होते. ३१ ऑक्टोबरला, म्हणजे शिल्डच्या अंतिम सामन्यानंतर अवघ्या १३ दिवसांनी, मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर ते पुन्हा समोरासमोर येणार होते. तो गट सामना असल्याने बरोबरी झाली तरी शूटआउट होणार नव्हते, दोघांना एकेक गुण मिळणार होता.

गोलरक्षक बदलण्याचा निर्णय चुकला की नशीब चुकले, यावर कोलकात्यात तोवर वाद चालू राहणार होता. जय गुप्ताने हुकलेल्या पेनल्टीचा भार किती दिवस वाहायचा, हे मात्र समर्थकांच्या हातात आहे. शनिवारी कमिंग्सचीही पेनल्टी हुकली होती. संघ जिंकल्याने ती रविवारी कोणाच्या लक्षातही नव्हती.